परगावच्या शिक्षणाची पूर्वतयारी

बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, की पुष्कळ घरांतून पहिली खरेदी होते ती एका मोठ्या बॅगेची. चादर, टॉवेल, बादली, कुलूप, लोणच्याची बरणी आणि चिवड्याचा डबा तीत बसला म्हणजे मुलाची कॉलेजला जाण्याची तयारी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. ह्या वस्तू लागतात, ह्यात शंका नाही. परंतु त्या कोणत्याही शहरात एका संध्याकाळी विकत मिळतात. जे विकत मिळत नाही त्याचा विचार मात्र बहुधा राहून जातो.

घर आजवर मुलासाठी किती कामे न बोलता करीत आले, ते पाहा. पैसा सांभाळणे, कागद जपून ठेवणे, वेळेवर जेवू घालणे, ताप आला तर तो मुलाने सांगण्याआधी ओळखणे, ही सारी कामे घर करते. मुलगा किंवा मुलगी परगावी गेली, की ती एका दिवसात तिच्या अंगावर पडतात. ती अगोदरपासून, थोडी थोडी, तिच्या हाती सोपवीत जाणे हीच खरी पूर्वतयारी होय. आणि तिचा आरंभ जूनमध्ये नव्हे, तर आधीच्या दिवाळीत करावयास हवा.

दिवाळीच का, हे कळंबच्या आसपासच्या शेतकऱ्यास फोड करून सांगावे लागणार नाही. राब भाजल्यावाचून रोप जोमदार होत नाही व चिखलणी झाल्यावाचून लावणी होत नाही. पण येथे नुसत्या उपमेचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. आमचे मुख्य पीक भाताचे. भात हाती येते ते दिवाळीच्या आगेमागे, आणि कॉलेजचे प्रवेश होतात ते जून ते ऑगस्टच्या दरम्यान. म्हणजे बियाणे, खत, नांगरणी आणि लावणीची मजुरी यांत घरातील रोकड जेव्हा गेलेली असते, नेमके तेव्हाच प्रवेशाचे शुल्क, खोलीची अनामत आणि खाणावळीचे आगाऊ पैसे एकदम भरावे लागतात. मग सोने गहाण पडते किंवा सावकाराची पायरी चढावी लागते. ज्या घरी मूल बारावीत आहे, त्या घराने भात विकल्याबरोबर त्यातील काही रक्कम मुलाच्या नावे बँकेत निराळी ठेवली, तर ही ओढाताण पुष्कळ कमी होईल. नोकरदार घराने दिवाळीच्या बोनसमधून हेच करावे.

सरकारी सवलती आहेत. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. शुल्क माफ झाले म्हणून राहण्याजेवणाचा खर्च माफ होत नाही. आणि योजनेचा पैसा हप्त्याने, छाननी होऊन, मागाहून खात्यात येतो. पहिले तीन महिने निभावतील एवढी तजवीज घरचीच हवी. शैक्षणिक कर्ज काढावयाचे असेल, तर हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होत असले तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते, हे मुलालाही स्पष्ट सांगावे.

आता मुक्कामाचा प्रश्न. आमच्या भागास लोहमार्गाने एक चमत्कारिक मोह घातला आहे. नेरळपासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ८६ किलोमीटर, कर्जतपासून १००. लोकल मिळते, पास स्वस्त आहे, मग खोलीचा खर्च कशास, रोज जाऊन-येऊन करील, असे घरोघर ठरते. हा हिशेब एकदा वेळेचाही करून पाहावा. कळंबहून आधी नेरळ गाठावयाचे, तेथून गाडीत सुमारे दोन तास, पुढे कॉलेजपर्यंतची वाट. जाऊन-येऊन पाच तास सहज जातात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीस तास झाले. एवढ्या वेळात एखादा विषय संपूर्ण वाचून होईल. कॉलेज ठाणे-कल्याणकडे असेल तर गोष्ट निराळी; तेथे रोजचा प्रवास परवडतो. पण प्रयोगशाळेचे शिक्षण असेल व कॉलेज दक्षिण मुंबईत असेल, तर वाचलेले भाडे गुणपत्रिकेत वसूल होते.

उलट दिशेस कर्जतहून पुणे ९२ किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा किंचित जवळच. पण लोकल कर्जतला थांबते आणि घाट चढावयाचा तो मेल-एक्स्प्रेसने. पावसाळ्यात दरड कोसळली की तीही खोळंबते. म्हणून पुण्यास जाणाऱ्याने मुक्काम गृहीतच धरावा. लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच रायगड जिल्ह्यात, आणि १९७२ मध्ये स्थापन झालेले दापोलीचे कृषी विद्यापीठ कोकणातच. तरी तेथेही घर सोडूनच राहावे लागते. कॉलेजचे वसतिगृह मिळत असेल तर ते पहिले पत्करावे. खोली घ्यावयाची तर मुलासह पालकाने ती डोळ्यांनी पाहावी. पाणी किती वेळ येते, कॉलेज किती दूर, रात्री रस्ता कसा, हे विचारावे. भाडेकरार लेखी करावा आणि अनामतीची पावती घेतल्यावाचून उठू नये.

तिसरी गोष्ट कागदांची. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडहून हा तरुण १८७५ च्या सुमारास परीक्षेस बसण्यासाठी सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्यास गेला. आणि वय लहान दिसते म्हणून त्यास परीक्षेस बसूच दिले नाही. पुढे १८८४ मध्ये ते मुंबईस पदवीधर झाले, ही त्यांची चिकाटी. आज कोणास एवढे चालावे लागत नाही. परंतु एका दाखल्यावाचून प्रवेशाच्या खिडकीवरून परत फिरणारी मुले दर वर्षी दिसतात. तेव्हा कागदांचे दोन भाग करावेत. अधिवास, जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र हे एकदा मिळाले की पुन्हा काढावे लागत नाहीत. त्यांचे अर्ज अकरावी-बारावीतच करावेत, कारण पडताळणीस महिने लागतात. उत्पन्नाचा दाखला मात्र ठराविक मुदतीचा असतो व ती मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून तो एप्रिल उजाडताच नवा काढावा. नॉन-क्रिमीलेयरसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो आणि त्याचीही मुदत पाहून घ्यावी. आधार, गुणपत्रिका व बँक पासबुक ह्यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच ताडून पाहावे. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्ती अडते.

ही कामे वडिलांनी रजा काढून करू नयेत. मुलाला किंवा मुलीला एकटे सेतू केंद्रात, तहसील कचेरीत पाठवावे. पहिल्या खेपेस ती रिकाम्या हाताने परत येईल. दुसऱ्या खेपेस काय विचारावे हे तिला कळेल. परगावच्या कॉलेज कार्यालयात हाच अनुभव कामास येतो. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावेत, कारण प्रवेशाचे दिवस आमच्याकडे धो धो पावसाचे असतात. तपासणी झाल्यावर मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. ती परत मागून घ्यावीत.

चौथी गोष्ट अन्न आणि प्रकृती. आपल्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकावयास अमेरिकेतील फिलाडेल्फियास गेल्या व १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या धैर्यास तोड नाही. परंतु परका आहार आणि बोचरी थंडी ह्यांत त्यांची प्रकृती खालावत गेली, क्षयाने गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्या गेल्या. जिद्द कितीही मोठी असली तरी ती पोटात अन्न घालू शकत नाही. आमची मुले-मुली पैसे वाचवावयाचे म्हणून प्रथम काय तोडतात, तर एक वेळचे जेवण. चहा-वड्यावर दिवस काढतात व घरी फोनवर ‘जेवलो’ म्हणून सांगतात. म्हणून भात, आमटी, एक भाजी व अंडे उकडणे एवढे मुलालाही, केवळ मुलीलाच नव्हे, यावयास हवे. ताप तीन दिवस टिकला तर डॉक्टरकडे जावयाचेच, औषधाच्या पैशाला हात आखडावयाचा नाही, हा नियम निघण्यापूर्वीच घालून द्यावा. रक्तगट, नेहमीचे औषध व जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

येथे आश्रमशाळेत शिकलेल्या ठाकूर-कातकरी मुलामुलींचा निराळा विचार केला पाहिजे. घरापासून दूर राहण्याची त्यांना लहानपणापासून सवय असते. त्या बाबतीत ती गावच्या मुलांहून पुढेच असतात. परंतु तेथे उठणे, जेवणे, झोपणे घंटेवर चालते आणि पैसा असा हाती येत नाही. शहरात घंटा नसते आणि अनुदान एकदम खात्यात पडते. त्यांना शिकवावयाचे ते पैशाचे आठवड्यावारी वाटे कसे पाडावेत, हे. एटीएमचा व मोबाइलवर येणारा गुप्त अंक कोणासही सांगू नये, हेही त्यातच आले.

खरे म्हणजे हा धडा सर्वांनाच हवा. आमची सूचना अशी की, परीक्षा संपल्यावर मे महिन्यात एक तालीम करावी. मुलाच्या महिन्याच्या खर्चाची रक्कम पहिल्या तारखेस त्याच्या हाती द्यावी. साबण, प्रवास, मोबाइलचे रिचार्ज, न्याहारी सर्व त्यातूनच करावयाचे आणि रोज हिशेब लिहावयाचा. वीस तारखेस पैसे संपले तर ओरडू नये. पण आणखी देऊही नयेत. घरी संपलेल्या पैशाने फजिती होते, परगावी संपलेल्याने उपवास घडतो. ज्यांची मुले यंदाच निघणार, त्यांनाही ही तालीम करण्यास अद्याप वेळ आहे.

ह्यानंतरची अडचण डोळ्यांस दिसत नाही. मराठी माध्यमातून शिकलेले हुशार मूल पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्यान ऐकते आणि आपण मंदबुद्धी आहो असे समजू लागते. हा बुद्धीचा दोष नसून शब्दांचा आहे. मे-जूनमध्ये आपल्या विषयांतील दोनतीनशे इंग्रजी पारिभाषिक शब्द मराठी अर्थांसह वहीत उतरून काढले, तर निम्मी भीती जाते. कोणी छळ केला तर गप्प बसू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य क्रमांक चालतो. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. रोज फोनवर ‘कंटाळा आला तर परत ये’ म्हणू नये, आणि ‘आता तोंड दाखवू नकोस’ असेही म्हणू नये. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत घराची आठवण सर्वांनाच येते. परत येण्याची वाट मोकळी आहे हे ज्याला माहीत असते, तोच बहुधा टिकून राहतो.

शेवटी गावाच्या वाट्याचे काम. माथेरानात १९१२ साली जन्मलेले भाई कोतवाल पुढील शिक्षणासाठी पुण्यास गेले, वकील झाले, आणि शिकून परत आपल्याच डोंगरातील गरिबांकडे वळले. त्यांनी शाळा काढल्या, अडलेल्या शेतकऱ्यांसाठी भाताची पेढी चालवली, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर देशासाठी प्राण दिले. त्यांचे बलिदान आम्ही दर वर्षी स्मरतो. त्यांनी शिक्षण गावाकडे आणले, हेही स्मरावे. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली, तीही खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची जेवणाखाण्याची व राहण्याची सोय व्हावी म्हणूनच. एवढे मोठे काम प्रत्येक गावास जमणार नाही. परंतु एक वही घालणे जमेल. गावातून कोण, कोठे, काय शिकावयास गेला, वसतिगृह कोणते, खाणावळ कोणती बरी, कोणता दाखला किती दिवसांत मिळाला, खर्च किती आला, हे त्याच्या संमतीने शाळेत किंवा वाचनालयात लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी जाणाऱ्यास त्यात एक ओळखीचे नाव सापडेल, आणि परक्या स्थानकावर उतरताना कोणास फोन करावा हा प्रश्न त्याला पडणार नाही. ती वही घालावयास खर्च काहीच नाही. ह्या सुटीत गेल्या वर्षी गेलेली मुले घरी आलेली आहेत. त्यांच्याकडून पहिली पाने आताच लिहून घ्यावीत.