पानाची डावी बाजू

महाराष्ट्रीय पद्धतीनें वाढलेल्या पानाकडे लक्षपूर्वक पाहिलें, म्हणजे त्यांत एक सुंदर व्यवस्था दिसून येते. वर मध्यभागीं मीठ. उजवीकडे भाजी, आमटी व पक्वान्न. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर व लोणचें. उजवी बाजू पोट भरते, डावी बाजू रुचि देते. उजवीकडील पदार्थ बहुधा शिजविलेले असतात. डावीकडील चटणी-कोशिंबीर मात्र नुकत्याच बाजारांतून किंवा परसांतून आलेल्या ताज्या जिनसांची. अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांतून ही डावी बाजू ओस पडूं लागली आहे. तिच्या जागीं टोमॅटोच्या सॉसची बाटली येऊन उभी राहिली आहे. मुलें पोळीशीं सॉस मागतात, पाहुण्यांपुढें सांभारवडीबरोबरहि सॉसच ठेवला जातो, आणि पाटा-वरवंटा कोपऱ्यांत धूळ खात पडतो. या पालटाचा विचार केवळ जुन्याच्या मोहानें न करतां रुचि, आरोग्य आणि घरांतील श्रमाची वांटणी अशा तिन्ही अंगांनीं करणें अगत्याचें आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी. ज्या टोमॅटोचा हा सॉस, तो टोमॅटो आणि जिच्यावांचून आपलें जेवण होत नाहीं ती मिरची, हीं दोन्ही मूळचीं अमेरिका खंडांतील. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. त्या शतकांत त्यांच्या गलबतांतून मिरची हिंदुस्थानांत आली. तत्पूर्वीं आपल्या स्वयंपाकघरांतील तिखटपणा मिरीं, पिंपळी व आलें यांचाच होता. टोमॅटो घरोघर रुळला तो त्याच्या पुष्कळ नंतर; आणि कित्येक घरांत श्राद्धपक्षाच्या स्वयंपाकांत तो अजूनहि चालत नाहीं. उलट कांदा व कोथिंबीर हीं जुन्या जगांतलीं. तीं स्पॅनिश लोकांबरोबर पलीकडे मेक्सिकोस गेलीं. अशी ही देवघेव झाल्यावर दोन्ही देशांतल्या गृहिणींनीं एकमेकींना न पाहतां जवळजवळ एकच पदार्थ सिद्ध केला. आपण त्याला चटणी म्हणतों. मेक्सिकोंत त्याला ‘साल्सा’ म्हणतात. आपला शब्द ‘चाटणें’ या क्रियापदावरून आलेला, त्यांचा ‘खारवलेली’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

मेक्सिकोंतील ही परंपरा स्पॅनिश अमलाच्याहि पूर्वींची आहे. सोळाव्या शतकांत तेथें राहिलेल्या बेर्नार्दिनो दे साआगुन या ख्रिस्ती धर्मोपदेशकानें जी माहिती लिहून ठेविली आहे, तींत मिरची, टोमॅटो व भोपळ्याच्या बिया यांच्या वाटणांचा उल्लेख येतो. हीं वाटणें ज्या तीन पायांच्या दगडी उखळींत होत, ती काळ्या ज्वालामुखीजन्य पाषाणाची असे. आपल्या पाट्याचा काळा दगडहि त्याच जातीचा. दख्खनच्या पठाराचा हा अग्निजन्य पाषाण पूर्वेस थेट नागपुरांत, सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत येऊन पोंचला आहे. सारांश, साल्सा हें कांहीं परकें खूळ नव्हे. आपल्या चटणीची ती दूर देशीं नांदणारी बहीणच आहे.

नागपूरकरांस तर हा पदार्थ करावयास फार सोयीचा. हिंवाळा सुरू झाला, कीं कॉटन मार्केटांत व गोकुळपेठेच्या बाजारांत हिरवा सांभार (पुण्यामुंबईकडील भगिनींसाठीं : कोथिंबीर), पातीचा कांदा, ओली लसूण, गाजरें, मुळे आणि लालभडक टोमॅटो यांच्या राशी लागतात. वऱ्हाड-नागपुरांतील खेड्यांत टोमॅटोला ‘भेदरें’ म्हणतात, आणि तव्यावर भाजलेल्या भेदऱ्याची चटणी भाकरीबरोबर मोठ्या आवडीनें खातात. जिल्ह्यांतील भिवापूरची मिरची तर प्रसिद्धच आहे. तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. मात्र ती मुख्यतः वाळवून तिखट करण्याची. ताज्या चटणीस हिरवी मिरचीच घ्यावी.

आतां कृति. आठदहा माणसांसाठीं अर्धा किलो पिकलेले पण घट्ट टोमॅटो, एक मध्यम कांदा, दोन-तीन हिरव्या मिरच्या, लसणीच्या तीन पाकळ्या, निवडलेला सांभार मूठभर, एका लिंबाचा रस, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरतें मीठ घ्यावें. टोमॅटो वाहत्या पाण्याखालीं धुवून पुसावे. सांभार मोठ्या पातेल्यांत भरपूर पाण्यांत बुचकळावा, माती तळाशीं बसूं द्यावी आणि पाणी न ओततां सांभार वरच्यावर उचलून घ्यावा. असें तीन वेळां करावें. कच्च्या पदार्थाची सारी सुरक्षितता या धुण्यावर अवलंबून आहे. पावसाळ्यांत तर पिण्यायोग्य पाण्यानेंच धुवावें. टोमॅटो आडवे कापून बियांचा पातळ गर एका वाटींत काढावा. तो टाकूं नये, सारांत घालावा. मग फोडी हरभऱ्याएवढ्या चिराव्या. कांदा तितकाच बारीक चिरून दोन मिनिटें थंड पाण्यांत ठेवून निथळावा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. मिरची व लसूण खलबत्त्यांत जाडसर ठेचावी. सर्व एकत्र करून लिंबू पिळावें, आणि मीठ मात्र पानें घेण्यापूर्वीं पांच-दहा मिनिटेंच घालावें. मीठ आगाऊ घातलें, तर तें फोडींतील पाणी ओढून घेतें आणि चटणीचें सार होतें.

ज्यांना खमंगपणा आवडतो, त्यांनीं टोमॅटो, मिरच्या व लसूण जाळीवर किंवा लोखंडी तव्यावर साल काळी पडेपर्यंत भाजावीं, साल काढावी, आणि पाट्यावर अर्धवट वाटून वर चमचाभर तेलाची फोडणी द्यावी. ही झाली आपली भेदऱ्याची चटणी. मेक्सिकोंतहि अशीच भाजलेली साल्सा करतात. दोहोंचे गुण निरनिराळे आहेत. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेनें नाश पावतें, म्हणून तें कच्च्या चटणींत अधिक राहतें. हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांस १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांच्या या जीवनसत्त्वावरील संशोधनांत तें विपुल प्रमाणांत हातीं आलें तें मिरचीच्याच जातीच्या पाप्रिकेंतून. टोमॅटोचें लाल रंगद्रव्य मात्र शिजल्यावर व स्निग्ध पदार्थाच्या संगतींत शरीरास अधिक मिळतें. तेव्हां एके दिवशीं कच्ची, एके दिवशीं भाजलेली, हाच उत्तम मार्ग.

तिखटाविषयीं एक गैरसमज आहे. मिरचीचा जाळ बियांत असतो असें आपण समजतों. वास्तविक तो बिया ज्यांना चिकटलेल्या असतात त्या आंतील पांढऱ्या शिरांत सर्वांत अधिक असतो. लहान मुलांसाठीं त्या शिरा खरडून काढाव्या. मिरचीचा स्वाद राहतो, जाळ कमी होतो. तिखट लागल्यास पाणी पिऊन उपयोग नाहीं, कारण तें द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं. दहीं, दूध किंवा तुपाचा घांस द्यावा. हाताची आग होत असल्यास आधीं तेल चोळून मग साबणानें हात धुवावे.

एकत्र कुटुंबांत खरी कसोटी पुढेंच आहे. आजींना कांदा-लसूण चालत नाहीं. आषाढ शुद्ध नवमीस, कांदेनवमीस, पुष्कळ घरांतून कांद्याला चार महिने निरोप मिळतो. आजोबांस रक्तदाबामुळें मीठ बेतानें घ्यावें लागतें. नातवाला तिखट सोसत नाहीं. येथेंच ताज्या चटणीचें श्रेष्ठत्व दिसतें. टोमॅटो, सांभार व लिंबू यांचा मूळ भाग एकदांच सिद्ध करून ठेवावा, आणि त्यांतून वाट्या निराळ्या काढाव्या : एकींत कांदा-लसणीऐवजीं किसलेलें आलें, काकडी व चिमूटभर हिंग, एकींत मीठ अगदीं थोडें व लिंबू अधिक, एकींत शिरा काढलेली मिरची. प्रौढ माणसानें दिवसाकांठीं पांच ग्रॅमपेक्षां कमी मीठ खावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. घरच्या वाटींतलें मीठ आपल्या हातीं असतें; बाटलींतलें मीठ व साखर मात्र कारखानदारानें आधींच घालून ठेवलेली असते, आणि ती सर्वांना सारखीच खावी लागते.

मग इतकी गुणी चटणी मागें कां पडली? रुचि बदलली म्हणून, असें उत्तर देण्यांत येतें; पण तें पुरतें खरें नाहीं. ताजी चटणी म्हणजे रोजचें काम, आणि तें ऐन जेवणाच्या वेळचें. सांभार निवडणें, धुणें, चिरणें, वाटणें हें सारें पोळ्या लाटणाऱ्या एकाच सुनेच्या गळ्यांत पडत असे. पुरुष पानावर बसून ‘आज चटणी नाहीं का?’ एवढेंच विचारीत. आतां ती सूनहि कचेरींत किंवा शाळेंत नोकरीस जाते. तिनें बाटलीचा आश्रय केला, तर तो आळस म्हणतां येणार नाहीं; घरानें तिला दुसरा उपाय ठेवला नव्हता. ज्यांना डावी बाजू पुन्हां भरलेली हवी असेल, त्यांनीं सुनेस उपदेश न करतां स्वतः विळी जवळ ओढावी. सांभार निवडणें आजोबांना बसल्या जागीं होईल. धुणें मोठ्या मुलांनीं करावें. खलबत्ता घरांतील पुरुषांनीं हातीं घ्यावा, त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. आणि शेवटची चव आजींनीं सांगावी, कारण प्रमाण त्यांच्या जिभेवर आहे. चार हात लागले, कीं हें काम पंधरा मिनिटांचें होतें.

सांठवणीविषयीं सावधगिरी हवी. नागपूरच्या उन्हाळ्यांत कच्ची चटणी बाहेर ठेवूंच नये. जेवणें आटोपतांच उरलेली फ्रिजमध्यें झांकून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं संपवावी. ती बरणींत भरून महिनोन्महिने टिकविण्याचा प्रयत्न करूं नये. तें काम मीठ, तेल व आंब यांच्या बळावर उभ्या असलेल्या लोणच्याचें. विशेषतः तेलांत बुडविलेली कच्ची लसूण बाहेर ठेवणें धोक्याचें आहे. हवा न लागणाऱ्या अशा जागींच बोट्युलिझमचे घातक जंतु वाढतात, आणि त्यांचें विष वासावरून वा चवीवरून ओळखूं येत नाहीं.

टोमॅटो महाग झाले, तरी पान रिकामें ठेवण्याचें कारण नाहीं. हिंवाळ्यांत कवठ व गूळ, उन्हाळ्यांत कैरी व कांदा, पावसाळ्यांत काकडी व दाण्याचें कूट घ्यावें. संत्र्याच्या दिवसांत पापुद्रा व बिया काढलेल्या फोडींत हिरवी मिरची, जिरें व मीठ घालून पाहावें; मात्र तें वाढतांनाच करावें, कारण संत्र्याचा रस ठेवल्यास कडवट होतो. बाटली घरांतून हद्दपारच करावी असा आमचा आग्रह नाहीं. अडीअडचणीस ती असूं द्यावी. परंतु येत्या रविवारीं बाजारांतून सांभाराची एक जुडी अधिक आणावी, आणि ती निवडावयास घरांतील सर्वांनीं मिळून बसावें.