बेरजेचा तास

सकाळी ७:३०. भालकी बसस्टँड. चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या प्लेटा सरकवत हॉटेलवाला एकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडात, कंडक्टरशी दखनीत बोलतोय. आज बिदरच्या वर्गात फंक्शन ओव्हरलोडिंग शिकवायचंय. उदाहरण आयतं मिळालं.

१०:००. आयतं, पण अर्धंच. नाव एक, आर्ग्युमेंट वेगळी, म्हणून काम वेगळं, इथवर ते चालतं. हॉटेलवाला मात्र माणूस समोर आल्यावर ठरवतो. सी प्लस प्लसचा कंपायलर प्रोग्रॅम चालण्याआधीच, लिहिलेल्या टाइपवरून ठरवून मोकळा. फळ्यावर दोन 'ॲड' लिहिले: एक दोन इंटचं, दुसरं दोन डबलचं. मग ॲड(२, ३.५) कुठं जाईल?

"डबलकडे, सर," सगळा वर्ग.

कुठंच नाही. पहिल्याला एक आर्ग्युमेंट तंतोतंत जुळतं, दुसऱ्याला दुसरं. कंपायलर 'ॲम्बिग्युअस' म्हणून हात वर करतो.

११:००. फंक्शनसारखीच अधिक, गुणिले ही चिन्हंही, म्हणजे ऑपरेटरही, ओव्हरलोड होतात. न होणारे: डॉट, दोन कोलन, साइझऑफ वगैरे. परीक्षेला हमखास येतात, पाठ करा.

२:००. लॅब. पुस्तकातल्या कॉम्प्लेक्स नंबरला मुलं कंटाळतात, म्हणून 'जमीन' नावाचा क्लास दिला. एकर आणि गुंठे. ४० गुंठ्यांचा एक एकर. २ एकर ३० गुंठे अधिक १ एकर २५ गुंठे, उत्तर ४ एकर १५ गुंठे. हातचा कसा धरायचा ते अधिकच्या फंक्शनमध्ये आपणच लिहायचं. इथल्या पोरांना वाटणीचा हिशेब शिकवावा लागत नाही.

एकानं जमीन गुणिले जमीनचंही फंक्शन लिहिलं. कंपायलरनं मुकाट घेतलं. चिन्हाला अर्थ आहे का, हे तो विचारत नाही. लोक असली चिन्हं वाटेल तशी वापरतात हे पाहिल्यामुळंच जावा बनवणाऱ्या जेम्स गॉस्लिंगनं १९९५च्या त्या भाषेत ऑपरेटर ओव्हरलोडिंगची सोय ठेवली नाही. तरी स्ट्रिंग जोडायला अधिक ठेवलंच! स्वतःपुरती सवलत कोण सोडतो?

४:३०. ऑब्जेक्ट फाइल उघडून दाखवली. जी प्लस प्लस कंपायलरनं 'ॲड'च्या नावाला टाइपची अक्षरं चिकटवलेली: एकाला दोन आय, दुसऱ्याला दोन डी. लिंकरच्या लेखी ही दोन वेगळीच नावं.

७:००. परतीच्या बसमध्ये फोनवर मेसेज: "सर, जमीन गुणिले २ चालतं, पण २ गुणिले जमीन चालत नाही."

लिहिलं: "डावीकडे इंट आहे. क्लासच्या बाहेर आणखी एक फंक्शन लिही, पहिलं आर्ग्युमेंट इंट, दुसरं जमीन."