पर्वतीय टप्पे आणि वेळेचा हिशेब : ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचे एक विवेचन

‘तूर द फ्रान्स’ ही व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत १९०३ साली ‘लोतो’ या क्रीडाविषयक वृत्तपत्राने सुरू केली. आज ती एकवीस टप्प्यांची असून सुमारे तीन आठवडे चालते. टप्प्याचा विजेता रोज निराळा असू शकतो. परंतु ज्याच्या सर्व टप्प्यांतील वेळांची बेरीज सर्वांत कमी भरते, तोच अखेरचा विजेता होय. म्हणूनच एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकणे शक्य असते. १९९० साली ग्रेग लेमाँड आणि २०१७ साली क्रिस फ्रूम यांनी ती अशीच जिंकली. ही गोष्ट ध्यानात न घेता शर्यत पाहू लागणाऱ्याची घाटात हटकून फसगत होते. शिखरावर प्रथम कोण पोचला इकडेच त्याची दृष्टी लागते. खरा झगडा मात्र पुष्कळदा तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकांत चाललेला असतो.

सपाट टप्प्याच्या अखेरीस शंभराहून अधिक स्वारांची एकच वेळ नोंदली जाण्याचा प्रसंग नित्याचा आहे. घाटात मात्र तेच स्वार मिनिटामिनिटांच्या अंतराने विखुरतात. याचे कारण पराक्रमापेक्षा भौतिकशास्त्रात अधिक सापडते. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एकट्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूस सारण्यात खर्ची पडते. दुसऱ्याच्या पाठीशी चिकटून राहणाऱ्याची या खर्चात सुमारे एक-तृतीयांश बचत होते. मोठ्या जथ्याच्या पोटात तर याहूनही अधिक. दुबळा स्वार बलवानाच्या आडोशाने निभावून जातो तो यामुळे. आता शेकडा ८ प्रमाणाची चढण ताशी २० किलोमीटर वेगाने चढणारा स्वार विचारात घ्यावा. तो तासाला १,६०० मीटर उंची मिळवीत असतो. सायकलीसह त्याचे वजन ७५ किलोग्रॅम धरले, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याला सुमारे ३२५ वॅट शक्ती लागते. हवेच्या विरोधासाठी जेमतेम तीस-पस्तीस. आडोशाचे भांडवल येथे संपते. उरतो तो एकच हिशेब : शरीराच्या दर किलोग्रॅममागे स्वार किती वॅट, आणि किती वेळ, देऊ शकतो.

आल्प्समधील आल्प द्युएझची प्रसिद्ध चढण १३.८ किलोमीटर लांबीची, एकवीस वळणांची आणि सरासरी शेकडा ८.१ प्रमाणाची आहे. ती चढण्यास चाळीस मिनिटे घेणाऱ्या स्वाराच्या अंगावर एक किलोग्रॅम अधिक असेल, तर तेवढ्याने सुमारे अर्धा मिनिट वाढतो. शर्यतीतील सायकल ६.८ किलोग्रॅमहून हलकी नसावी, असा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेला २००० साली करावा लागला, त्याचे मर्म यात आहे.

हा हिशेब कळला म्हणजे टप्पा कसा पाहावा हेही कळते. अखेरच्या चढणीच्या पायथ्याशी प्रमुख स्वारापाशी किती साहाय्यक उरले आहेत, हे प्रथम पाहावे. साहाय्यकाचे काम येथे वारा अडविण्याचे थोडे आणि गती ठरविण्याचे अधिक. ती इतकी चढी ठेवावयाची की प्रतिस्पर्ध्यास उसळी मारण्याइतकी शक्ती शिल्लक राहू नये. एकेक साहाय्यक आपले काम संपवून बाजूस होतो, आणि शेवटी प्रमुख स्वार समोरासमोर येतात.

पर्वत या शर्यतीत आला तो काहीशा लबाडीनेच. पिरेनीज पर्वतातील तूरमाले खिंड (२,११५ मीटर) पाहून येण्यासाठी १९१० साली आल्फाँस स्तॅनेस यास पाठविण्यात आले. तो तेथे बर्फात अडकला. तरीही रस्ता उत्तम असल्याची तार त्याने पॅरिसला केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या वर्षी ल्यूशों ते बायॉन हा ३२६ किलोमीटरांचा टप्पा ऑक्ताव्ह लापीझने काही ठिकाणी पायी चालत पुरा केला आणि वाटेत आयोजकांना ‘खुनी’ म्हणून संबोधिले. टप्पा त्यानेच जिंकला, शर्यतही. शिखरावरच टप्पा संपविण्याची पद्धत मात्र १९५२ साली आल्प द्युएझवर सुरू झाली; तेथील पहिला विजेता फाउस्तो कोप्पी. खिंड ओलांडून पुन्हा उतारावर जाण्यात पिछाडी भरून काढण्यास वाव असतो. शिखरावरच्या समाप्तीत तो नसतो.

१२ जुलै १९६४ रोजीचा प्युई द दोमचा टप्पा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. झाक आंकतील हा रेमों पुलिदोरच्या ५६ सेकंद पुढे होता. त्या ज्वालामुखीच्या चढणीवर दोघे खांद्याला खांदा लावून चढत राहिले. पुलिदोर अगदी अखेरीस सुटला. टप्पा हुलिओ हिमेनेझने जिंकला, पण फ्रान्सचे लक्ष मागे लागले होते. पुलिदोरने ४२ सेकंद मिळविले; आंकतीलपाशी १४ उरले. अखेरची एकट्याने धावण्याची कालस्पर्धा जिंकून आंकतीलने ती शर्यत ५५ सेकंदांनी जिंकली. पुलिदोर तीनदा दुसरा आणि पाच वेळा तिसरा आला. नेतृत्वदर्शक पिवळा सदरा मात्र त्याला एक दिवसही लाभला नाही.

घाटातील वेळ इतकी बोलकी असल्यामुळेच ती संशयाचेही साधन होते. चढणीची उंची, स्वाराचे वजन आणि लागलेला वेळ ज्ञात असता खर्ची पडलेल्या शक्तीचा अदमास घरबसल्या करता येतो. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतूच्या चढणीवर टॉम सिंप्सन मरण पावला. उष्म्याबरोबर अँफेटामाइन या उत्तेजकाचाही त्यात भाग होता. पुढे लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सात विजेतेपदे २०१२ साली रद्द झाली. तथापि केवळ वेळेवरून दोष सिद्ध होतो असे मानणे हे घाईचे अनुमान ठरेल. पाठीमागचा वारा, आधीच्या खिंडींचा शीण, साहाय्यकांनी राखलेली गती यांनी आकडा सहज हलतो. आर्मस्ट्राँगचे प्रकरण उघडकीस आले तेही मुख्यतः साक्षी-पुराव्यांनी.

घाटात आणखी एक शर्यत चालते. तिच्याकडे क्वचित् कोणी पाहतो. सपाटीवर अखेरच्या दोनशे मीटरांत विजय मिळविणारे धिप्पाड स्वार येथे सर्वांच्या मागे एकत्र जमतात. विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांहून अधिक वेळ लावणारा शर्यतीतून बाद होतो. म्हणून हा जथा गणित मांडूनच चढतो, उतारावर शक्य तितका वेळ भरून काढतो, आणि मर्यादा संपण्यास थोडी मिनिटे असता एकत्रच समाप्तीरेषा ओलांडतो.