सात वारांचं एक दुकान

राहुरीच्या आठवडे बाजारात बांगड्यांची पेटी उघडून बसलेल्या बाईला सहज विचारून पाहा, "उद्या कुठं?" ती एका गावाचं नाव सांगेल. "आणि परवा?" दुसरं गाव. असं विचारत गेलात की आठवड्याचे वार एकेका गावाच्या नावाने भरत जातात, आणि एखादा वार उरलाच तर तो नगरला जाऊन माल भरण्याचा. शेजारच्या मिरचीवाल्याला विचारा. त्याची गावं थोडी निराळी निघतील, पण दोन-तीन हिच्याशी जुळतील. कपडेवाला, शेव-रेवडीवाला, खुरपी-विळे मांडून बसलेला घिसाडी, सगळ्यांची उत्तरं एका कागदावर लिहिली, तर त्यावर अख्ख्या मुलखाचं वेळापत्रक उमटेल. गंमत अशी की हे वेळापत्रक कुणी आखलेलं नाही. त्याला कचेरी नाही, साहेब नाही. तरी ते पंचांगाइतक्या भरवशाने चालतं.

जनावरांच्या बाजारांत ते सगळ्यात स्वच्छ दिसतं. राहुरीच्या एका अंगाला लोणी, तिथला बाजार बुधवारी. दुसऱ्या अंगाला घोडेगाव, तिथला शुक्रवारी. खाली श्रीगोंद्याकडे काष्टी, तिथला शनिवारी. लोणीत गाय विकली गेली नाही, तर व्यापाऱ्याला मधला एक दिवस मिळतो. गाडी ठरवायची, गाईला चारा-पाणी करायचं आणि शुक्रवारी घोडेगावला पुन्हा दावणीला उभं राहायचं. तिथेही सौदा फिसकटला तर शनिवार आहेच. हे तिन्ही बाजार एकाच वारी भरले असते तर? व्यापारी एकाच ठिकाणी गेला असता, गिऱ्हाईक तीन ठिकाणी विखुरलं असतं, आणि तिन्ही बाजार अर्धे रिकामे राहिले असते.

यामागचं गणित सोपं आहे. समजा, त्या बांगडीवाल्या बाईचं पोट चालायला आठवड्याला दोनशे गिऱ्हाइकं लागतात. एका गावात आठवड्याभरात बांगड्या घेणाऱ्या बाया निघतात चाळीस. त्या गावात तिने कायमचं दुकान टाकलं तर सहा महिन्यांत दिवाळं. पण पाच गावांच्या बायका तिच्या पेटीपर्यंत आणता आल्या तर धंदा उभा राहतो. बायका घरदार टाकून पाच गावं ओलांडून येणार नाहीत. मग पेटीच पाच गावं फिरते. गावाला रोज दुकान परवडत नाही, दुकानाला एक गाव परवडत नाही. दोघांनी मिळून काढलेली तोड म्हणजे वार.

जेम्स स्टाइन या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने 1962 मध्ये कोरियातल्या फिरत्या बाजारांवर लिहिताना नेमका हाच हिशोब मांडला. दुकान चालायला किमान किती गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती लांब चालून येतं? पहिल्या आकड्याला पुरेल एवढी माणसं दुसऱ्या आकड्याच्या टापूत नसली, की व्यापाऱ्याने चालायला लागायचं. लोकांच्या हातात पैसा आला किंवा वस्ती दाटली, की तोच व्यापारी हळूहळू एका जागी बसतो आणि दुकानाला शटर लागतं. एकाच बाजारपेठेत ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिसू शकतात. पक्की दुकानं वर्षभर उघडी, आणि बाजारच्या दिवशी त्यांच्याच पायरीसमोर पोतं अंथरून बसलेले फिरते लोक.

त्याहून भारी गोष्ट जी. विल्यम स्किनर या मानववंशशास्त्रज्ञाने चीनमध्ये टिपली. 1949-50 मध्ये तो सिचुआन प्रांतात होता, आणि तिथल्या बाजारांचं त्याचं लेखन 1964-65 मध्ये छापून आलं. त्याच्या ध्यानात आलं की धाकटा बाजार थोरल्या बाजाराचा वार कटाक्षाने टाळतो. शेजारच्या दुसऱ्या धाकट्या बाजाराशी वार जुळला तर फारसं बिघडत नाही, कारण त्या गावचे लोक एरवीही आपल्याकडे येत नाहीत. पण थोरल्याशी टक्कर घेतली तर व्यापारीही तिकडे आणि बरी ऐपत असलेलं गिऱ्हाईकही तिकडे. हे वाचलं आणि मला तालुक्याच्या बाजाराभोवतीची खेडी आठवली. नवा बाजार सुरू करायचा झाला की गावात आधी चर्चा होते ती वाराचीच. जागा काय, ओढ्याकाठी मिळतेच. मोकळा वार मिळणं अवघड.

आता हा वार सातांतलाच एक असला पाहिजे, असंही काही नाही. जावा बेटावर बाजारासाठी पाच दिवसांचा वेगळा आठवडाच आहे: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. तिथली माणसं सात दिवसांचा आणि पाच दिवसांचा असे दोन्ही आठवडे एकदम मोजतात. जुन्या रोममध्ये दर आठव्या दिवशी बाजार भरे. नायजेरियातल्या योरुबा लोकांचा बाजाराचा फेरा चार दिवसांचा. आणि जिथे बाजार बारमाहीच आहे, तिथलं काय? व्हेनिस बघा. पाण्यात वसलेल्या त्या शहरात रिआल्टो पुलापाशी भाजी आणि मासळीचा बाजार कित्येक शतकं भरतो आहे, तरी समोरच्या लिडो बेटावर मंगळवारचा आठवडे बाजार भरतोच. म्हणजे बारमाही बाजार पायाशी असला तरी फिरत्या बाजाराला काम उरतं.

आपल्याकडे पेठ वसवणं हा मराठेशाहीत रीतसर राजकारभाराचा भाग होता. नवी पेठ बसवायची तर सरकारातून कौल मिळे, वाण्या-उदम्यांना काही वर्षं करमाफी मिळे, आणि पेठेची देखरेख शेटे-महाजनांच्या वतनात येई. त्यांचा हक्क पैशात कमी आणि मालात जास्त होता. भाजीवाल्याकडून चार भाज्या, धान्यवाल्याकडून मूठभर धान्य. त्या मुठीला म्हणत फसकी, आणि सगळ्या हक्काला मिळून शेव-फसकी. आज मूठ गेली, पावती आली. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद बाजार वसुलीचा लिलाव करते, आणि ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन रांगांमधून फिरतो. तो लांबून दिसला की पाटी उचलून पलीकडच्या रांगेत सरकणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. शेटे-महाजनांच्या काळातही त्या तशाच सरकत असतील, याची मला खात्री आहे.

बाजारात सगळ्यात बारकाईने बघण्यासारखी वस्तू मात्र पावती नव्हे, काटाही नव्हे. ती म्हणजे वाटा. गोणपाटावर टोमॅटोचे चार-पाच वाटे मांडलेले असतात. खाली चार, वर एक, आणि त्या एकाचा लालभडक भाग गिऱ्हाइकाकडे. हिरव्या मिरच्यांचा वाटा, लिंबांचा वाटा, आल्याच्या तुकड्यांचा वाटा. देशात 1962 पासून मेट्रिक वजनं सक्तीची झाली, शेर-पायली मागे पडली, आता काटेही इलेक्ट्रॉनिक आले. वाट्याला यातल्या कशाचाच धक्का लागला नाही. कारण वाटा हे मापच नव्हे, ती भाव सांगायची पद्धत आहे. दुकानात रक्कम बदलते, वजन तेच राहतं. वाट्यात उलट: दहाची नोट तीच राहते, वाटा लहान-मोठा होतो. सकाळी दहा रुपयांत पाच लिंबं, दुपारी सात, दिवे लागले की "घ्या मावशी, सगळी घ्या". विकणारीने भाव पाडला असं कुणी म्हणू शकत नाही. ती दिवसभर "दहाला वाटा" हेच ओरडत होती. सुट्ट्या पैशांची कटकट नाही, आकडेमोड नाही, आणि घासाघीस करायची तर दोन लिंबं वर टाकली की भागतं. मोबाइलवरून पैसे देण्याचा जमाना आला, पाटीशेजारच्या डबीतून "दहा रुपये प्राप्त झाले" असा आवाज येऊ लागला, तरी वाटा दहाचाच.

संध्याकाळी वाटा का फुगतो? कोथिंबिरीच्या जुडीकडे बघा. पहाटे काढलेली जुडी दुपारपर्यंत पाण्याच्या शिडकाव्यावर तग धरते. उन्हं कलली की पानं माना टाकतात, आणि उद्याच्या गावी ती कोण घेणार? बांगडी उद्याही बांगडीच असते, म्हणून बांगडीवाली बाई संध्याकाळीही सकाळचाच भाव सांगते. कांदा-लसूणवालाही फारसा हलत नाही. पालेभाजीवालीला मात्र वाटा फुगवणं आणि नासाडी यांतलं एक निवडायचं असतं, आणि ती दर तासाला निवडत असते. म्हणून एकाच बाजारात वेळेप्रमाणे वेगवेगळी गिऱ्हाइकं दिसतात. सकाळी पारखून, निवडून घेणारे. दिवेलागणीला पिशवी भरून नेणारे. दुसऱ्या गटात रोजंदारीवर जाणारी माणसं जास्त, आणि त्यालाही कारण आहे. बऱ्याच गावांत शेतमजुरांचा आठवड्याचा हिशोब बाजारच्या दिवशी होतो. हातात पैसे पडणार आणि मग बाजार. त्या दिवशी खुरपणीला बाया मिळत नाहीत अशी तक्रार करणारे शेतकरी स्वतःही पिशवी घेऊन बाजारातच सापडतात.

बाजाराच्या एका कडेला वास बदलतो. सुकट, सोडे, सुके बोंबील. राहुरीपासून समुद्र किती लांब, मध्ये सह्याद्री उभा, तरी समुद्र इथे पोत्यातून येऊन बसतो. ओली मासळी घाट चढून टिकली नसती. वाळवली की महिने टिकते आणि वजनही उतरतं, म्हणून पूर्वी बैलाच्या पाठीवरून आणि आता टेम्पोतून ती देशावर येते. जवळच बारागाव नांदूरला मुळा धरण आहे, 26 टीएमसीचं. त्यातली ताजी मासळी खाणारेही पावसाळ्यात बोंबलाची चटणी सोडत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

राहुरीच्या बाजाराला आणखी एक शेजार लाभलाय, जो दुसऱ्या गावांना नाही. 1968 मध्ये स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. इथल्या संशोधकांनी ऊस, हरभरा, डाळिंब यांच्या जाती काढल्या हे ऐकलेलं असतं. पण खास हुरड्यासाठी ज्वारीच्या जाती काढल्या, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. फुले उत्तरा आणि फुले मधुर. हुरडा म्हणजे दाणा दुधातून पिठाकडे जातानाची अवस्था. तेव्हा दाण्यातली साखर अजून पुरती पिठूळ झालेली नसते, म्हणून तो गोड लागतो. ही अवस्था थोडेच दिवस टिकते. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. ज्या जातीत दाणे चोळताना सहज सुटतात, ती हुरड्याला चांगली. म्हणजे भाकरीसाठी नाही, साठवणीसाठी नाही, नुसतं शेतात बसून खाण्यासाठी पीक सुधारायला शास्त्रज्ञ बसले! सरकारी पैशाचा यापेक्षा चांगला विनियोग मला तरी सुचत नाही.

आठवडे बाजाराने स्वतःचं एक कालवणही दिलंय. करमाळ्याच्या बाजूला बाजार आमटी प्रसिद्ध आहे. तीन-चार डाळी एकत्र शिजवलेल्या, काळ्या मसाल्याचा जोरदार कट, वर लाल तर्री, आणि त्यात भाकरी कुस्करायची. लांबून बाजाराला आलेले लोक बाजारातूनच थोड्या थोड्या डाळी घेत, तिथेच चूल मांडत आणि सगळं एकाच भांड्यात शिजवत, असं तिच्याबद्दल सांगतात. चव घेतली की ही कथा पटते. एकाच डाळीची आमटी अशी लागणं शक्य नाही.

आगगाडी आली तेव्हा हे फिरते बाजार मोडतील असं वाटायला हरकत नव्हती. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला, राहुरी आणि वांबोरीला स्टेशनं झाली. पुढे पक्के रस्ते आले, एसटी आली, मोटारसायकली आल्या. बाजार मोडले नाहीत, उलट व्यापारी आणखी लांबचे वार गाठू लागले. 2020 च्या टाळेबंदीत बाजार सक्तीने बंद होते, 2022 मध्ये लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद होते. बंदी उठली तसे ते पुन्हा आपापल्या जुन्या वारी भरू लागले.

आणि 2016 मध्ये तर उलटंच घडलं. फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला, आणि राज्याने पुण्या-मुंबईत संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. कोपऱ्याकोपऱ्यावर भाजीवाला, घरपोच डिलिव्हरी, आणि तरीही सोसायट्यांच्या मोकळ्या जागेत, महापालिकेच्या मैदानात, ठरलेल्या वारी शेतकऱ्यांच्या गटांचे टेम्पो येऊन उभे राहू लागले. एका भागाचा वार एक, दुसऱ्या भागाचा दुसरा. टेम्पो तोच.