आकाशात दहा मिनिटं, तिकीट पाच कोटी



२०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले आणि जुलैत सुखरूप परत आले. तेव्हापासून गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वह्या लिहून झाल्या की हा विषय निघतोच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सहा बायका अमेरिकेत रॉकेटमधून वर जाऊन आल्या, त्यांचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. गायिका केटी पेरी त्यात होती. आमच्या एक मावशी म्हणाल्या, "अकरा मिन्टात जाऊन आल्या म्हणं. आपला तेवढ्यात भातसुदिक शिजत न्हाई." मग प्रश्न सुरू झाले. पैसे भरून कुणालाही जाता येतं का? किती पडतात? विमानासारखं हेही पुढं स्वस्त होईल का?

आम्ही गटांचं काम बघणाऱ्या आहोत, शास्त्रज्ञ नव्हे. पण आगाऊ रक्कम, कागदावरची सही, जोखीम हे आमचे रोजचे विषय आहेत. म्हणून आम्ही हा विषय त्या बाजूनं समजून घेतला, आणि आज तोच तुमच्यापुढं ठेवतो.

आधी एक गोष्ट वेगळी करू. शुक्ला गेले ते स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि ताशी २८,००० किलोमीटर वेगानं पृथ्वीभोवती फिरतं. त्यांची जागा आपल्या सरकारनं घेतली होती. त्या सहा बायका गेल्या ती मात्र नुसती उडी. दगड सरळ वर फेकला की तो जातो, क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि खाली येतो, तसं. याला उपकक्षीय उड्डाण म्हणतात, म्हणजे पृथ्वीभोवती फेरी न मारता परत येणारं. उंची किती? शंभर किलोमीटरच्या आसपास. राधानगरीहून कोल्हापूरला जाऊन परत यायचं तेवढंच अंतर, फक्त उभं. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर गोफणीतल्या दगडासारखा आडवा वेग लागतो, आणि त्याला या उडीच्या सुमारे तीसपट ऊर्जा लागते. त्यामुळं खर्चही तसाच चढतो. डेनिस टिटो हा अमेरिकन उद्योगपती २००१ मध्ये स्वतःच्या पैशानं स्थानकावर गेला, तेव्हा त्यानं २ कोटी डॉलर मोजल्याचं सांगितलं जातं. त्यामानानं ही उडी म्हणजे श्रीमंतांमधलं स्वस्त तिकीट.

तिथं माणसं तरंगतात ती कशी, हे बऱ्याच जणींनी विचारलं. वर पृथ्वीची ओढ संपते असं वाटतं, पण तसं नाही. शंभर किलोमीटरवर ओढ फक्त तीन टक्क्यांनी कमी होते. इथं पन्नास किलोचं तांदळाचं पोतं असेल तर तिथं ते साडेअठ्ठेचाळीस किलो भरेल. तरंगायचं कारण वेगळं. फोंडा घाट उतरताना एसटी एखाद्या उंचवट्यावरून गेली की पोटात गोळा येतो ना? गाडी आणि आपण एकदमच खाली पडत असतो, म्हणून सीटचा आधार क्षणभर जाणवत नाही. रॉकेटचं इंजिन बंद झाल्यावर तेच तीन-चार मिनिटं चालतं. पैसे मोजायचे ते या तीन-चार मिनिटांचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या आभाळाचे.

हा धंदा करणाऱ्या मुख्य कंपन्या दोनच, दोन्ही अमेरिकेतल्या. रिचर्ड ब्रॅन्सन यांची व्हर्जिन गॅलेक्टिक मोठ्या विमानाच्या पोटाखाली लहान यान बांधून वर नेते आणि तिथून सोडते. जेफ बेझोस, म्हणजे ॲमेझॉनवाले, यांच्या ब्लू ओरिजिनचं रॉकेट जमिनीवरूनच सरळ उडतं, वर गेल्यावर माणसांचा डबा सुटा होतो आणि पॅराशूटनं टेक्सासच्या माळावर उतरतो. दोघांनी मिळून आजवर वर नेलेली माणसं दीडशेही भरत नाहीत. आपल्या तीन एसटी गाड्यांत सगळी मावतील. २०२१ च्या जुलैत ब्रॅन्सन यांच्याबरोबर सिरिशा बांदला ही आंध्रात जन्मलेली, त्याच कंपनीत काम करणारी मुलगी होती. मे २०२४ मध्ये विजयवाड्याचे गोपी थोटाकुरा ब्लू ओरिजिननं गेले.

आता पैशाचं बघू. व्हर्जिननं कंपनी काढली २००४ मध्ये आणि तिकीट लावलं २ लाख डॉलर, तेव्हाच्या भावानं नव्वद लाख रुपयांच्या आसपास. लोकांनी आगाऊ पैसे भरले. आज जाऊ, उद्या जाऊ करत पहिलं पैसे घेऊन झालेलं उड्डाण निघालं जून २०२३ मध्ये. सहाशेच्या आसपास माणसं वाट बघत होती. जॉन गुडविन या इंग्लंडच्या गृहस्थांनी २००५ साली तिकीट काढलं, मध्यंतरी त्यांना कंपवाताचा आजार झाला, आणि ते गेले ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. अठरा वर्षं!

हे ऐकून बैठकीत पहिला प्रश्न आला तो असा: "मग त्या पैशाचं व्याज कुणी खाल्लं?" आम्ही तिथंच फळ्यावर हिशेब मांडला. नव्वद लाख रुपये आठ टक्क्यांनी अठरा वर्षं ठेवले असते तर साडेतीन कोटींच्या वर गेले असते. एका वहिनींनी लगेच उलटा मुद्दा काढला. तिकिटाचा भाव दरम्यान चढत चढत ६ लाख डॉलरवर, म्हणजे पाच कोटींवर गेला. मग आधी भरणाऱ्याचा फायदाच झाला की! तेही खरं. पण यान उडालं तरच. व्हर्जिननं जून २०२४ मध्ये जुनं यान थांबवलं आणि नवीन यानं बांधायला घेतली; ती तयार होईपर्यंत प्रवाशांनी थांबायचं. त्याच महिन्यात कंपनीला आपले वीस शेअर एकत्र करून एक करावा लागला, इतका भाव पडला होता. ब्लू ओरिजिन तर तिकिटाचा दर उघड करतच नव्हती. फक्त दीड लाख डॉलर अनामत मागायची, परत मिळण्याच्या बोलीवर. पहिल्या उड्डाणाच्या एका जागेचा मात्र लिलाव झाला होता, तो २ कोटी ८० लाख डॉलरला, म्हणजे दोनशे कोटी रुपयांच्या वर.

वाट बघण्याचा विषय निघाला तर वॉली फंक यांचं नाव घेतल्याशिवाय आम्हाला पुढं जाववत नाही. या अमेरिकन वैमानिक बाई. १९६१ मध्ये एका डॉक्टरनं खासगी खर्चानं महिला वैमानिकांच्या त्याच तपासण्या घेतल्या, ज्या नासा पुरुष अंतराळवीरांच्या घेत होती. तेरा जणी उतरल्या, त्यांत वॉली सगळ्यांत लहान. पण नासाची अट होती लष्करी जेट विमानांच्या चाचणी-वैमानिकाची, आणि त्या कामावर बायकांना घेतच नव्हते. म्हणजे दार उघडं ठेवायचं आणि उंबरा कमरेएवढा करायचा. अमेरिकेची पहिली बाई, सॅली राइड, वर गेली ती १९८३ साली. वॉलींनी विमान चालवणं सोडलं नाही, हजारो जणांना शिकवलं, विमान अपघातांच्या तपासाचं काम केलं. २०१० मध्ये त्यांनी व्हर्जिनचं तिकीट काढलं, दोन लाख डॉलर घालून. तिथंही अकरा वर्षं गेली. शेवटी २० जुलै २०२१ ला बेझोस यांनी त्यांना आपल्या पहिल्या उड्डाणात पाहुणी म्हणून नेलं. वय ८२. श्रीमंतांची हौस म्हणून या सगळ्याला नाक मुरडणाऱ्या आमच्यातल्या काही जणी या गोष्टीपाशी गप्प झाल्या.

गुडविन यांच्याच उड्डाणात अँटिग्वा बेटावरच्या केशा शहाफ आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी अनास्तेशिया या दोघी होत्या. एकत्र वर गेलेल्या पहिल्या मायलेकी. त्यांना जागा मिळाल्या सोडतीत. म्हणजे पैसा नसलेल्या माणसाला आज या गाडीत चढायची वाट दोनच: कुणाचं तरी आमंत्रण, नाहीतर नशीब.

जोखमीचं बोललं पाहिजे. ३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिनचं यान चाचणीत हवेतच मोडलं. सहवैमानिक मायकेल ॲल्सबरी गेले. शेपूट वळवायची कळ वेळेआधी सोडली गेली होती. आणि एका माणसाच्या एका चुकीनं यान मोडू नये अशी सोय बनवणाऱ्यांनी ठेवली नव्हती, हे चौकशीत निघालं. त्याआधी, २००७ मध्ये, हेच यान बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनाच्या चाचणीत स्फोट होऊन तीन कामगार मेले. प्रवाशांच्या धाडसाबद्दल लिहिणारे या तिघांबद्दल फार लिहीत नाहीत. गोपी थोटाकुरा परतले तेव्हा तीन पॅराशूटांतलं एक पूर्ण उघडलं नव्हतं. उरलेल्या दोनांवर डबा नीट उतरला.

आणि या प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम? अमेरिकेत २००४ पासून सरकारनं स्वतःवरच बंधन घालून घेतलंय, की धंदा नवा आहे, म्हणून आतल्या प्रवाशाच्या सुरक्षेसाठी नियम लावायचे नाहीत. ती मुदत वाढत वाढत २०२८ च्या सुरुवातीपर्यंत आलीय. प्रवाशाला लेखी सांगायचं की हे यान सुरक्षित असल्याचा दाखला सरकारनं दिलेला नाही, आणि खाली त्याची सही घ्यायची. जामीनदार म्हणून सही करताना आम्ही तुम्हाला कागद दोनदा वाचायला लावतो. इथं जामीन स्वतःच्या जिवाचा.

आता स्वस्त होण्याचं. विमान स्वस्त झालं ते लोकांना कुठंतरी पोचायचं होतं म्हणून. टपाल होतं, माल होता, कामावर जाणारी माणसं होती, एकेक विमान दिवसातून चार-चार फेऱ्या मारायचं. ही उडी जिथून निघते तिथंच उतरवते. एकदा बघून आलं की परत जायचं कारण उरत नाही. फेऱ्या कमी म्हणून खर्च जास्त, खर्च जास्त म्हणून गिऱ्हाईक थोडं, आणि गिऱ्हाईक थोडं म्हणून फेऱ्या कमी. घरगुती पापडाचा धंदा आणि हा, दोन्हीची गाठ इथंच पडते. आमचं मत विचाराल तर पुढची दहा वर्षं तरी हे मोजक्या श्रीमंतांपुरतंच राहील. यातल्या एखाद्या कंपनीनं गाशा गुंडाळला तरी आम्हाला नवल वाटणार नाही.

आपल्याकडे काय? २०२३ मध्ये केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं की अशा पर्यटनाची शक्यता इस्रोनं तपासून पाहिली आहे. तेव्हाचे इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०३० च्या सुमाराचं आणि सहा कोटींच्या आसपास तिकिटाचं बोलणं केलं होतं. पण आधी गगनयान. ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून त्याचा रिकामा डबा वर नेऊन समुद्रात पॅराशूटनं उतरवायची चाचणी झाली; संकटात माणसांचा डबा रॉकेटपासून तोडून दूर नेता येतो का, हे त्यात पाहिलं. तसं बघितलं तर वर जाऊन खाली येणारी रॉकेटं आपल्याला नवी नाहीत. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट त्याच जातीचं. त्याच थुंब्याला पुढं आपल्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनाचं काम उभं केलं. इस्रोच्या रॉकेटांची मोठी नळकांडी आपल्या पुणे जिल्ह्यात वालचंदनगरला तयार होतात. त्यामुळं तिकीट कुणीही काढो, वेल्डिंग, यंत्रकाम, तपासणी ही कामं आपल्या भागातल्या आयटीआय झालेल्या मुलामुलींपर्यंत येऊ शकतात. वर्कशॉपला मुलगी घालायला घरचे कां-कूं करतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं.

शेवटी एक सूचना, आणि ती नोंदवून ठेवा. इस्रोनं अजून एकही तिकीट विकायला काढलेलं नाही. "अंतराळ सफरीची नोंदणी सुरू, पाच हजार भरून जागा पक्की करा" असा मेसेज आला तर पैसे पाठवू नका, पुढं कुणाला ढकलूही नका. चंद्रावरच्या जमिनीचे कागद विकणारेही असेच फिरतात. चंद्र कुठल्याही देशाच्या मालकीचा नाही, असा जगाचा करार १९६७ सालीच झालाय, मग सातबारा कोण देणार? असा मेसेज आलाच तर बैठकीला येताना मोबाइल घेऊन या, आपण मिळून वाचू.