कपाटांची मोजदाद आणि वाचकांची

ग्रंथालय म्हणजे काय, हे बडोदेकराला सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम अॅलन्सन बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले आणि १९१३ पर्यंतच्या त्याच्या वास्तव्यात संस्थानाच्या ग्रंथालयांची घडी बसली. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगाव वाचनालये, आणि जेथे वाचनालय नाही तेथे पेटीतून फिरणारी पुस्तके, अशी ती योजना. गावच्या वाचनालयाच्या खर्चाचा एक तृतीयांश भाग गावकऱ्यांनी उचलावयाचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने आणि उरलेला सरकारने. हा हिशेब बारकाईने पाहण्यासारखा आहे. वाचनालय हवे की नको, हे गावाने स्वतःच्या खिशात हात घालून सांगावे, अशी त्यात तजवीज होती. ‘लोकांत वाचनाची गोडी उत्पन्न करणे’ हे ध्येय कोणीही लिहील. ते साधते आहे की नाही हे कशावरून ओळखावयाचे, तेही त्या योजनेत आपोआप ठरून गेले होते.

आजच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांचे वार्षिक अहवाल चाळले म्हणजे नेमकी हीच दुसरी बाजू हरवलेली दिसते. ‘ग्रंथसंपदेत भर घालणे’, ‘वाचनसंस्कृती जोपासणे’, ‘उत्तम सेवा देणे’ ही उद्दिष्टे वाचावयास गोड आहेत. पण मार्चअखेर ती साधली की नाही, हे कोणी सांगावे? उलट असे लिहून पाहा : ‘परीक्षेआधीच्या महिन्यात नेमलेल्या पुस्तकासाठी कोणाही विद्यार्थ्यास तीन दिवसांपेक्षा अधिक थांबावे लागू नये.’ वाक्य रुक्ष आहे खरे, पण मागणीची वही उघडली की होय किंवा नाही असे उत्तर मिळते. ‘आवाज चांगला करा’ असे शिष्याला सांगून भागत नाही. खर्जाचा षड्ज श्वास न तुटता किती वेळ टिकला पाहिजे, ते सांगावे लागते.

मोजमापाचा प्रश्न अलीकडे ऐरणीवर आला तो राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेमुळे, म्हणजे ‘नॅक’मुळे. १९९४ साली ही परिषद स्थापन झाली. २०१७ च्या तिच्या आराखड्यात ग्रंथालयाविषयी प्रश्न होते : कारभार संगणकावर आला आहे काय, नियतकालिके कोणती येतात, पुस्तकांवर दरसाल किती खर्च होतो, आणि दररोज शेकडा किती विद्यार्थी-शिक्षक ग्रंथालय वापरतात. प्रश्न वाजवी होते. पण उत्तर देण्यासाठी दाराशी एक वही आली, आणि वहीत जितक्या सह्या तितका वापर, असे समीकरण होऊन बसले. वैशाखातल्या दुपारी पंख्याखाली बसून मोबाइल चार्ज करणारा त्या वहीत येतो. एकदाच येऊन एक ग्रंथ घरी नेणारा आणि पुढचे तीन आठवडे त्यावर मान मोडून बसणारा विद्यार्थीही येतो, पण एकदाच. वही खोटे बोलत नाही. तिला फक्त दारच दिसते.

देवघेवीच्या आकड्यांचीही तीच गत. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाची पाहणी १९७९ साली प्रसिद्ध झाली. १९६९ मध्ये खरेदी केलेल्या पुस्तकांपैकी सुमारे चाळीस टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. केवढी खळबळ माजली! ग्रंथखरेदी करणाऱ्यांनी त्या आकड्यावरून धडा घ्यावा हे बरोबरच. पण न नेलेले म्हणजे न वाचलेले, एवढी उडी त्यावरून मारता येत नाही, आणि ती मारली तर काय होते ते मी स्वतः पाहिले आहे.

मी ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर आहे, तेथे संगणकांसाठी जागा हवी म्हणून एक यादी निघाली. दहा वर्षांत ज्यावर तारखेचा शिक्का पडला नाही, ते पुस्तक तळघरात. यादीत जुन्या स्वरलिपीची पुस्तके होती, आणि मंगेश रामकृष्ण तेलंगांनी संपादिलेला, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२० साली निघालेला नारदाचा ‘संगीतमकरंद’ही होता. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा ज्या शहरात सुरू झाली, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली ज्या शहरात भरली, त्या शहरात ही पुस्तके निरुपयोगी ठरावीत! दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाला राग येणे स्वाभाविक होते. पण रागाने समितीत मत मिळत नाही. पुस्तके उघडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. त्यांतील बहुतेकांवर ‘बाहेर नेण्यास मनाई’ असा शिक्का होता. जे पुस्तक नियमाने कोणाला देताच येत नाही, त्यावर तारीख पडणार कशी?

मग एक साधा उपाय केला. वाचून झालेले पुस्तक वाचकाने परत कपाटात ठेवावयाचे नाही, टेबलावरच सोडावयाचे. संध्याकाळी शिपाईमामांनी ती पुस्तके गोळा करताना वहीत नोंद करावयाची. पहिल्याच महिन्यात यादीतील कित्येक पुस्तके टेबलावर सापडली, काही तर पुन्हा पुन्हा. हेही सांगितले पाहिजे की यादीतील सगळीच पुस्तके अशी गुणी नव्हती. रद्द झालेल्या अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शिकांच्या सात-आठ प्रती तेथे जागा अडवून होत्या, आणि त्या तळघरात जाव्यात असेच माझेही मत पडले.

वाचकांना विचारून पाहावे, हा दुसरा मार्ग. ‘लिबक्वाल’ नावाची एक पद्धत अमेरिकेत २००० साली सुरू झाली. तीत प्रत्येक सेवेविषयी तीन गोष्टी विचारतात : किमान किती चालेल, मनाजोगे किती हवे, आणि प्रत्यक्षात किती मिळते. पद्धत चतुर आहे. तंबोऱ्याचेही असेच नाही काय? किती उतरला तर खपतो आणि किती जुळला म्हणजे गायला बसावेसे वाटते, या दोन टोकांमध्येच व्यवहार चालतो. मात्र आमच्याकडे एक अडचण आहे. गुरूचे नाव घेताना कान पकडणारा विद्यार्थी ‘सर, सगळं छान आहे’ याखेरीज काही लिहीत नाही, मग कागदावर नाव नसले तरी.

त्यापेक्षा मला जास्त पटली ती १९७० च्या दशकात तिकडेच रूढ झालेली उपलब्धतेची तपासणी. वाचकाला मत विचारावयाचे नाही. ‘आज कोणते पुस्तक हवे होते? मिळाले का?’ एवढेच विचारावयाचे, आणि नसेल मिळाले तर कोठे अडले ते शोधावयाचे. मुळात घेतलेलेच नाही? घेतले आहे, पण दुसऱ्याकडे आहे? कोणाकडे नाही, पण जागेवर नाही? की जागेवर असून वाचकालाच सापडले नाही? या चार चाळण्या. प्रत्येक चाळणीतून शंभरातले नव्वद पार पडले, तर प्रत्येक विभागाचे काम उत्तमच म्हणावे लागेल. पण चारही चाळण्या ओलांडून वाचकाच्या हाती पुस्तक पडते ते शंभरातल्या पासष्ट-सहासष्टांनाच. शिवाय दर चाळणीचा इलाज निराळा. पहिलीला पैसा लागतो, दुसरीला जादा प्रती. तिसरीला कपाटे लावणारा माणूस हवा, आणि चौथीला शिकवणारा ग्रंथपाल. तक्रार आली की नुसती खरेदीच वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

संगीताच्या ग्रंथालयास तर पाचवी चाळणीही असते. फैयाजखाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका दाखलनोंदवहीत आहे, कपाटात आहे, विद्यार्थ्याला सापडलीही. पण ती वाजवावयाचे यंत्र दोन वर्षे बंद. अहवालात तिची मोजदाद होते, कानांवर मात्र ती पडत नाही. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली, हे मोठेच काम झाले. परंतु त्यांत विज्ञान-वैद्यकाचा भरणा मोठा. ख्याल शिकणाऱ्या मुलाने तेथे किती वेळा प्रवेश केला, यावरून आमच्या ग्रंथालयास गुण देणे म्हणजे सतारीची परीक्षा तबल्याच्या बोलांनी घेण्यासारखे होईल.

यंदा समितीने तीनच उद्दिष्टे कागदावर घेतली आहेत : दिवाळीपूर्वी ध्वनियंत्र दुरुस्त व्हावे, दर सत्रात एक आठवडा चाळण्यांची तपासणी व्हावी, आणि टेबलावरच्या पुस्तकांची वही वर्षभर चालू राहावी. तळघराच्या यादीवर पुढच्या बैठकीत मतदान आहे. तोवर ‘संगीतमकरंद’ वरच्याच कपाटात आहे.