डोंगराची उंची, पाण्याची वाट : जुन्नर-आंबेगावच्या भूमीचे विज्ञान

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांना लागून वसले आहेत. पश्चिमेला सह्याद्रीचा उभा कडा व त्याखाली कोकणपट्टी, तर पूर्वेला हळूहळू उतरत जाणारे दख्खनचे पठार, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. घाटमाथ्यावर पडलेले पावसाचे पाणी कुकडी, मीना आणि घोड या नद्यांतून पूर्वेकडे भीमेला मिळते. याच भूमीवर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर पुन्हा पुन्हा विचारला गेलेला प्रश्न असा की, कोणता उतार धोक्याचा आहे हे आधी कळू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विज्ञानाला प्रथम एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीकडे वळावे लागते, ती म्हणजे उंची.

उंची म्हणजे नेमके काय?

घर बांधताना गवंडी दोन साधने हाताशी ठेवतो : ओळंबा आणि पाणसळ. ओळंबा 'खाली' ही दिशा दाखवतो, पाणसळ 'सपाट' म्हणजे काय ते सांगते. ही दोन्ही साधने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणावर चालतात. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते असे आपण म्हणतो. वास्तविक गुरुत्वाकर्षण पाण्याला जिकडे ओढते त्या बाजूलाच आपण सखल म्हणतो. म्हणून उंची ही केवळ दोरीने मोजायची लांबी नव्हे; तिची व्याख्याच गुरुत्वाकर्षणाशी बांधलेली आहे.

आपण 'समुद्रसपाटीपासून इतके मीटर' असे म्हणतो तेव्हा एक कल्पना गृहीत धरतो. वारा, लाटा आणि भरती-ओहोटी थांबून समुद्र अगदी शांत झाला आणि तेच पाणी अरुंद कालव्यांतून जमिनीखाली सर्वत्र खेळवले, तर त्याची जी पातळी होईल तिच्यापासून आपण उंची मोजतो. शास्त्रज्ञ या काल्पनिक पृष्ठभागाला 'जिऑइड' म्हणतात. भारतात या मोजणीचा पाया १९०९ मध्ये निश्चित झाला. देशाच्या किनाऱ्यावरील नऊ भरतीमापन केंद्रांच्या दीर्घकालीन नोंदींवरून सरासरी समुद्रपातळी ठरवण्यात आली आणि तेथून पाणसळीच्याच तत्त्वावर चालणाऱ्या उपकरणांनी, टप्प्याटप्प्याने, उंचीच्या खुणा देशभर नेण्यात आल्या.

उपग्रहाची उंची आणि पाण्याची उंची

आज उपग्रहांच्या मदतीने कोणत्याही ठिकाणाची जागा काही मिनिटांत कळते. परंतु उपग्रह जी उंची देतात ती पाण्याच्या पातळीपासून नसते. ती गणिताने ठरवलेल्या, ध्रुवांकडे किंचित चपट्या अशा एका गुळगुळीत गोलापासून मोजलेली असते. खरी पृथ्वी इतकी गुळगुळीत नाही. तिच्या पोटात कोठे जड खडक आहेत तर कोठे हलके, कोठे पर्वत आहेत तर कोठे खोल दऱ्या. त्यामुळे गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे राहत नाही आणि पाण्याची आदर्श पातळीही त्या गुळगुळीत गोलाशी जुळत नाही.

पुणे जिल्ह्यात ही पातळी गणिती गोलाच्या साठ ते सत्तर मीटर खाली आहे. म्हणजे केवळ उपग्रहाचा आकडा घेतला, तर मुंबईच्या किनाऱ्यावर उभा असलेला माणूस समुद्राच्या साठ-पासष्ट मीटर खाली असल्याचे दिसेल! भारताच्या दक्षिणेकडे हा फरक वाढत जातो आणि श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात तो १०६ मीटरपर्यंत पोहोचतो. जगातील हा सर्वांत खोल 'खळगा' आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचा संबंध पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या तप्त, हलक्या द्रव्याशी जोडला आहे.

कलकत्त्याच्या धर्माधिकाऱ्याचे गणित

पर्वतांमुळे ओळंबा सरळ राहत नाही, हे भारतातील सर्वेक्षणातच ठळकपणे समोर आले. एकोणिसाव्या शतकातील महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात, हिमालयाच्या पायथ्याकडील कलियाना आणि मध्य भारतातील कलियाणपूर या दोन ठिकाणांमधील अंतर दोन पद्धतींनी काढले गेले : एकदा जमिनीवरील त्रिकोणांवरून आणि एकदा आकाशातील ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरांत सुमारे पाच विकलांचा फरक आला. कलकत्त्याचे अँग्लिकन आर्चडीकन व गणितज्ञ जॉन हेन्री प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीमुळे ओळंबा किती कलायला हवा याचे गणित मांडले. उत्तर सुमारे सोळा विकला आले, म्हणजे प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट. १८५५ मध्ये हे गणित प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी त्याचा उलगडा सुचवला. पर्वताखाली हलक्या खडकांचे खोल मूळ असते, पाण्यात तरंगणाऱ्या लाकडाचा मोठा भाग बुडालेला असावा तसे. म्हणून पर्वताची ओढ अपेक्षेपेक्षा कमी पडते. प्रॅट यांनी पुढे स्वतःचे वेगळे स्पष्टीकरण दिले. जमिनीच्या कवचाचा हा समतोल आजही भूविज्ञानाचा एक आधारस्तंभ मानला जातो.

सह्याद्री हिमालयासारखा घड्यांचा पर्वत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले आणि त्याची पश्चिम कड झिजून आजचे कडे उभे राहिले. शिवनेरी, नाणेघाट आणि जुन्नरभोवतीची कोरीव लेणी याच थरांच्या कातळात आहेत. एका बाजूला काही शे मीटरांचा तुटलेला कडा व दुसऱ्या बाजूला पठार, अशी रचना असल्यामुळे येथे गुरुत्वाकर्षणाची मोजणी नाजूक ठरते. एक मीटर वर चढले की गुरुत्वाकर्षण सुमारे तीस लाखांत एक भाग इतके घटते. उत्तम गुरुत्वमापक याहूनही सूक्ष्म फरक टिपतो. परंतु शेजारचा डोंगर उपकरणाला वरच्या दिशेने ओढतो आणि शेजारच्या दरीत खडकाचा अभाव असतो. या दोन्हींचा हिशेब चोख न केल्यास आकडा फसवा ठरतो, आणि त्यासाठी डोंगराचा तपशीलवार नकाशा आधी हाताशी असावा लागतो.

उंचीची प्रतिकृती कशी तयार होते?

अशी प्रतिकृती तीन प्रकारच्या माहितीतून घडते. पहिली उपग्रहांची. २००२ ते २०१७ या काळात काम केलेली 'ग्रेस' ही उपग्रहांची जोडी आणि २००९ ते २०१३ या काळातील युरोपचा 'गोचे' उपग्रह यांनी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचे मोठे चढउतार टिपले. २०१८ मध्ये 'ग्रेस'ची पुढची जोडी अवकाशात गेली. दुसरी माहिती जमिनीवरील गुरुत्वमापनाची, जी स्थानिक बारकावे पुरवते. तिसरी भूरूपाची, म्हणजे डोंगर-दऱ्यांच्या उंचसखलपणाची. भारतासाठी अशा प्रतिकृती तयार करण्याचे काम भारतीय सर्वेक्षण विभाग आणि देशातील संशोधन संस्था करीत आहेत.

याचा शेतकऱ्याला काय उपयोग, असा प्रश्न कोणी विचारील. कुकडी प्रकल्पाचे उदाहरण घ्या. येडगाव धरणातून निघणारा डावा कालवा दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर पंपाविना, केवळ उतारावर, पुढील तालुक्यांकडे पाणी नेतो. एवढ्या अंतरात उपग्रहाची उंची आणि पाण्याची उंची यांतील फरकच काही मीटरांनी बदलू शकतो. ज्या कालव्याला किलोमीटरमागे जेमतेम काही सेंटीमीटरांचा उतार द्यायचा असतो, तेथे हा बदल दुर्लक्षून चालणार नाही.

उंचीप्रमाणे बदलणारे जीवन

डोंगरावरची सृष्टीही उंचीच्या आज्ञेत असते. सर्वसाधारणपणे हजार मीटर वर गेले की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. त्यातच समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर अडतात. परिणामी भीमाशंकर आणि आहुपे परिसरात धुक्याचे सदाहरित व निमसदाहरित जंगल आढळते, आणि त्याच तालुक्यांच्या पूर्व भागात पाऊस इतका कमी होतो की कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. १९८५ मध्ये घोषित झालेले, सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे भीमाशंकर अभयारण्य हे शेकरूचे, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याचे, घर आहे. उंच झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असावेत, तरच शेकरूला जमिनीवर न उतरता फिरता येते. मोकळ्या उतारांवर साधारण सात वर्षांनी फुलणारी कारवी माती धरून ठेवते. या पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे भात, नाचणी आणि वरई पिकवतात; हिरडा गोळा करून वर्षाची तोंडमिळवणी करतात.

सह्याद्रीच्या वनस्पतींच्या अभ्यासात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू फादर सांतापाव यांचे नाव आदराने घेतले जाते. याच डोंगररांगेत दक्षिणेला असलेल्या खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून, गावाच्या श्रद्धेने राखलेली ही जंगले जीवसृष्टीचा ठेवा असल्याचे दाखवून दिले. आंबेगावच्या घाटमाथ्यावर अशा देवराया आजही आहेत.

येथे उंचीचे विज्ञान आणि जंगल यांचा अनपेक्षित संबंध येतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली. अनेक नकाशे आजही याच माहितीवर आधारलेले असतात. परंतु दाट जंगलात ही रडारकिरणे जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. झाडांच्या माथ्याजवळूनच परततात. शिवाय ही मोजणी तीस-तीस मीटरांच्या चौकटींत मांडलेली आहे. आता कल्पना करा : सपाट जमिनीवर पंधरा मीटर उंच देवराई आहे आणि तिच्या कडेला मोकळे शेत. नकाशात तेथे सुमारे सत्तावीस अंशांचा उतार दिसू शकतो, जो प्रत्यक्षात नाही! उलट एखादा अरुंद, उभा कडा चौकटीच्या सरासरीत सौम्य होऊन जातो. म्हणजे जो नकाशा माणसाला सावध करायचा, तोच एके ठिकाणी खोटा धोका दाखवतो आणि दुसऱ्या ठिकाणी खरा धोका लपवतो.

माळीणचा धडा

उताराची धोकादायकता ठरवताना साठ-सत्तर मीटरांचा तो फरक फारसा आड येत नाही, कारण शेजारच्या दोन बिंदूंना तो जवळजवळ सारखाच असतो. तेथे अडचण येते ती झाडोऱ्याची आणि मोठ्या चौकटींची. म्हणून जंगलाच्या फटींतून जमीन गाठणारी लेसर मोजणी आणि प्रत्यक्ष पाहणी यांना पर्याय नाही. केवळ उतार कळूनही भागत नाही. काळ्या कातळावर झिजून तयार झालेल्या मातीचा थर किती जाड आहे, पाणी कोठे मुरते, कोठे पाझरते, हेही पाहावे लागते. मुरलेले पाणी मातीचे वजन वाढवते आणि कणांची परस्परांवरील पकड सैल करते. मग ज्या गुरुत्वाकर्षणाने आपण उंची मोजतो, तेच डोंगराला खाली ओढते.

माळीणच्या दुर्घटनेनंतर उतारावर यंत्रांनी जमीन सपाट करण्याचा मुद्दा बराच चर्चिला गेला. या भागात 'पडकई' ही जुनी रीत आहे : अनेक कुटुंबांनी मिळून, हातांनी, दगडी बांध घालत उतारावर भातखाचरे रचायची. हे काम धीमे असते आणि डोंगराच्या कलाने चालते. यंत्राचा वेग त्या संयमाला पर्याय ठरत नाही. गावाच्या पुनर्वसनानंतर २०१७ मध्ये नव्या वसाहतीतही पहिल्याच पावसाळ्यात भराव व रस्ते खचल्याच्या तक्रारी झाल्या. पुढे रायगड जिल्ह्यात २०२१ मध्ये तळीये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. प्रश्न एका गावाचा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातील दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केले आहेत आणि जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले आहे. परंतु हे नकाशे संगणकात राहून वाडीवस्तीपर्यंत पोहोचले नाहीत तर त्यांचा उपयोग काय? ग्रामसभेने आपल्या गावाचा नकाशा मागवावा, तो मराठीत समजून घ्यावा आणि वाडीतील जाणत्या माणसांच्या अनुभवाशी ताडून पाहावा. घराच्या वरच्या उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, नेहमीच्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नव्या जागी पाझर फुटणे किंवा भर पावसात ओढ्याचे पाणी अकस्मात आटणे, ही चिन्हे दिसताच रात्रीची वाट न पाहता कुटुंबाने सुरक्षित जागी जावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे.

उपग्रह शेकडो किलोमीटर उंचावरून जे पाहतो, ते त्या उतारावर रोज गुरे चारणाऱ्या माणसाला वेगळ्या रीतीने ठाऊक असते. या दोन ज्ञानांची गाठ पडली, तर पुढच्या पावसाळ्यात डोंगराखाली झोपणारी लेकरे अधिक निश्चिंत झोपतील. उंची मोजण्याच्या या साऱ्या खटाटोपाचे अंतिम मोल त्यातच आहे.